आल्प्समधले ‘सोपे’ शिखर छापताना

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

उन्हाळा जवळ आला की पर्यटन पुरवण्यांत स्वित्झर्लंड येतेच. अलीकडे त्यासोबत एक सल्लाही वरचेवर वाचायला मिळतो: झेरमाटला जा, केबल कारने वर चढा आणि दोन तासांत ब्राइटहॉर्न हे चार हजारी, म्हणजे चार हजार मीटरहून उंच, शिखर पायाखाली घाला, शनिवार-रविवारात होते. यातले एकही वाक्य खोटे नाही. पण जे गाळले जाते त्यानेच माणसे अडचणीत येतात. म्युनिक, झुरिक, स्टुटगार्टकडे नोकरीला आलेली मराठी मुले-मुली सह्याद्रीत चालून तयार झालेली असतात. दमसास असतो, दृष्टिभय मोडलेले असते, आणि असा सल्ला वाचून पहिले बुकिंग तीच करतात. त्यांच्यासाठी आणि आपल्या पुरवणीसाठी हे पत्र.

ब्राइटहॉर्नच्या पश्चिम माथ्याची उंची ४१६४ मीटर. क्लाइन मॅटरहॉर्नचे केबल कार स्थानक ३८८३ मीटरवर. तिथून हिमनदीच्या पठारावर किंचित उतरून, पठार ओलांडून, शेवटचा साधारण ३५ अंशांचा बर्फाचा उतार चढायचा. निव्वळ चढाई साडेतीनशे-चारशे मीटरची, म्हणजे सिंहगडाच्या पायवाटेपेक्षा कमीच. ‘सोपे’ हा शब्द इथून आला. गिर्यारोहणाच्या श्रेणीतही वाट सर्वांत खालच्या पायरीवर आहे. मात्र ही श्रेणी दोर, क्रॅम्पॉन (बर्फावर पकड मिळावी म्हणून बुटांखाली बांधायचे टोकदार खिळे) आणि आइस अ‍ॅक्स वापरता येणाऱ्यांसाठी लावलेली असते, पर्यटकांसाठी नव्हे. पुरवणीतून नेमका हा अर्धा भाग गळतो.

आधी उंचीचा हिशेब मांडू. कळसूबाईचा माथा १६४६ मीटर आणि झेरमाट गाव साधारण १६०० मीटर. महाराष्ट्राचे छप्पर जिथे संपते तिथे झेरमाटचे रेल्वे स्टेशन आहे. तिथून केबल कार पाऊण तासाच्या आसपास ३८८३ मीटरवर नेते. समुद्रसपाटीच्या तुलनेत झेरमाटला हवेचा दाब सुमारे ८२ टक्के असतो, वर तो ६२ टक्के उरतो. पाय तेच, फुप्फुसे तीच, पण प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू एकदम घटतो. म्हणून दोन तासांच्या वाटेला तीन लागतात, आणि हे नियोजनात धरलेले नसते.

विरळ हवेचा त्रास बहुतेकदा लगेच होत नाही, वर पोचल्यावर सहा ते बारा तासांनी सुरू होतो. त्यामुळे सकाळी वर जाऊन दुपारी झेरमाटला उतरणारा माणूस पुष्कळदा किरकोळ डोकेदुखीवर सुटतो. खरा धोका पहिली रात्र उंचावर झोपणाऱ्याला. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघून शनिवारी युंगफ्राउयोखच्या आगगाडीने ३४५४ मीटरवर उतरायचे, तासभर चालून ३६५० मीटरवरच्या म्योंखशयोख हटमध्ये मुक्काम करायचा आणि पहाटे म्योंख चढायचे, हा बेत कागदावर सुंदर दिसतो. प्रत्यक्षात रात्री डोके ठणकते, मळमळते, झोप लागत नाही, आणि पहाटे चार वाजता अरुंद हिमधारेवर निघायचे असते. त्रास सुरू झाला तर उपाय एकच, खाली उतरणे. तोल जाऊ लागला, माणूस असंबद्ध बोलू लागला, किंवा बसल्या जागी धाप लागून छातीत घरघर ऐकू आली, तर मेंदूत किंवा फुप्फुसात सूज आली असे समजावे आणि सकाळची वाट न पाहता मदत मागवावी. अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी डॉक्टरांना विचारून घेता येते, पण ती झोपण्याच्या उंचीची चूक दुरुस्त करत नाही.

म्हणून मैदानातून येणाऱ्याने दोनच पर्याय धरावेत. एक तर वर जाऊन त्याच दिवशी उतरावे, नाहीतर पायरीपायरीने झोपावे: पहिली रात्र १६००-१८०० मीटरवर, दुसरी फार तर ३००० च्या आसपास. झेरमाटच्या बाजूला गांडेग हट आणि सास-फेच्या बाजूला ब्रिटानिया हट, दोन्ही ३०३० मीटरच्या जवळपास आहेत. यासाठी एक दिवस जादा लागतो. सोमवारची रजा घ्या. ती मिळत नसेल तर चार हजारीचा बेत त्या आठवड्यापुरता सोडा.

रजेचा मुद्दा प्रवासामुळेही येतो. म्युनिकहून झेरमाटच्या अलीकडचे टेश गाव गाडीने सात-आठ तासांवर आहे. झेरमाटमध्ये खासगी गाड्यांना बंदी असल्याने टेशला गाडी लावून बारा मिनिटांची शटल गाडी पकडावी लागते. शुक्रवारी चार वाजता निघालेला माणूस मध्यरात्री पोचतो, चार तास झोपतो आणि पहिल्या केबल कारला उभा राहतो. झुरिकहून व्हिस्पमार्गे आगगाडीने सव्वातीन तासांत पोचता येते, तिथल्यांना हे जमण्यासारखे आहे.

आता बर्फाबद्दल. ब्राइटहॉर्नचे पठार दुरून क्रिकेटच्या मैदानासारखे सपाट दिसते. ती हिमनदी आहे आणि तिच्यात भेगा आहेत. त्यांच्यावर हिवाळ्यातल्या बर्फाचे पूल तयार होतात. रात्री आभाळ निरभ्र असेल तर बर्फ उष्णता बाहेर टाकून घट्ट गोठतो आणि सकाळी पूल वजन पेलतात. दुपारी तेच पूल मऊ होतात. ढगाळ रात्री तापमान शून्याच्या थोडे खाली असूनही बर्फ नीट गोठत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्यामुळे हवामान पाहताना पावसाच्या चिन्हासोबत दोन गोष्टी पाहाव्यात: शून्य अंशाची पातळी, म्हणजे हवेचे तापमान शून्यावर येते ती उंची, किती आहे आणि रात्री आभाळ कसे राहील. ती पातळी ४००० मीटरच्या बरीच वर आणि रात्र ढगाळ असेल तर हिमनदीवर जाऊ नये. २०२३ च्या ऑगस्टमध्ये, २० आणि २१ तारखेच्या दरम्यानच्या रात्री, स्वित्झर्लंडवर ही पातळी ५२९८ मीटरवर मोजली गेली. म्हणजे त्या रात्री आल्प्समधल्या सर्वोच्च शिखराच्याही वरच्या हवेत शून्य अंश होते.

हिमनदीवर दोराने बांधून चालायचे, पायवाट मळलेली असली तरी. ‘इतके लोक गेलेत, वाट पक्की आहे’ म्हणून दोर सॅकमध्येच ठेवणे ही सर्वांत सर्रास दिसणारी चूक. शंभरजण गेल्यावर एकशे एकाव्याच्या पायाखाली पूल मोडू शकतो, कारण मधल्या दोन तासांत ऊन चढलेले असते. तीन ते पाच जणांचा संघ असावा आणि दोघांमध्ये आठ ते बारा मीटर दोर. दोर जमिनीला जेमतेम टेकेल इतपत ताणलेला हवा. हातात वेटोळी धरून चालले तर पुढचा भेगेत पडताना ती वेटोळी सुटेपर्यंत त्याला वेग येतो आणि मागचाही ओढला जातो. गप्पा मारत दोघे जवळ आले की दोराचा उपयोग संपतो. दोघांच्याच संघाने अंतर वाढवून दोराला मध्ये गाठी मारायच्या असतात, म्हणजे दोर भेगेच्या काठावरच्या बर्फात रुततो. तरीही एकट्याने दुसऱ्याला वर काढणे फार कठीण. सराव नसलेल्या दोघांनी हिमनदीवर जाऊच नये असे आमचे स्पष्ट मत आहे. हार्नेस (दोर जोडायचा कमरेचा पट्टा) स्थानकाच्या आत, ऊब असताना चढवावा. बाहेर वाऱ्यात बोटे बधिर झाली की बकल नीट लागत नाही.

शेवटच्या उतारावर क्रॅम्पॉनची परीक्षा होते. सह्याद्रीत वापरले जाणारे मऊ तळाचे ट्रेकिंग बूट इथे चालत नाहीत. बूट मध्ये वाकला की क्रॅम्पॉन सैल होतो, आणि तो नेमका तिरक्या चालीत निघतो. ताठ तळाचे बूट आणि त्याच बुटांवर बसणारे क्रॅम्पॉन एकाच दुकानातून, आदल्या संध्याकाळी भाड्याने घ्यावेत. पट्टा न बांधता बूट उचलून हलवावा, क्रॅम्पॉन पडला नाही तर माप बरोबर. दुपारच्या ओल्या बर्फाचे गोळे टोकांखाली चिकटतात, ते रोखणारी प्लेट खाली लावलेली आहे ना, ते दुकानातच पाहावे. ढगळ पँटच्या कडेत क्रॅम्पॉनचे टोक अडकून पडणारेही खूप, तेव्हा पायाला गेटर (पँटवरून घट्ट बसणारी आवरणे) हवेत. उन्हाळा सरत आला की याच उतारावरचा मऊ बर्फ झिजून खालचे टणक निळे बर्फ उघडे पडते, आणि जूनमध्ये सोपा वाटलेला उतार ऑगस्टअखेरीस नवख्याचा राहत नाही. माथ्याच्या धारेवर वाऱ्याने बाहेर झुकलेले बर्फाचे छज्जे असू शकतात. फोटोसाठी कडेला जाऊ नये.

डोळे विसरू नका. दर हजार मीटरला अतिनील किरणे सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यांतली बहुतांश परत फेकतो. बाजूने झाकलेला, चौथ्या श्रेणीचा गॉगल लागतो. साध्या गॉगलवर दिवस काढला तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते आणि दुसऱ्या दिवशी चालवत नाही. हातमोज्यांचे दोन जोड घ्यावेत, एक वाऱ्याने उडणार हे गृहीत धरून. दीड-दोन लिटर पाणी, नळीच्या पिशवीत नको, नळी गोठते.

परतीची वेळ उलटी मोजावी. त्या दिवशीची खाली येणारी शेवटची केबल कार किती वाजता आहे हे सकाळी फलकावर पाहून, त्याआधी दीड तास पठार ओलांडून झालेले असेल अशी परतीची वेळ ठरवावी आणि त्या वेळी माथा दहा मिनिटांवर असला तरी वळावे. वारा वाढला की केबल कार वेळापत्रकाआधीच बंद होते. ती चुकली तर थकलेल्या पायांनी हिमनदीवरून नऊशे मीटर खाली ट्रॉकनर श्टेग या मधल्या स्थानकापर्यंत उतरावे लागते.

ज्यांच्या गटात कोणीही भेगेतून माणूस काढण्याचा सराव केलेला नाही, त्यांनी गाइड घ्यावा. आंतरराष्ट्रीय गाइड संघटनेचा बिल्ला असलेला गाइड दिवसाला सहाशे-सातशे फ्रँकपासून पुढे घेतो. ब्राइटहॉर्नसाठी गटाने विभागून जाता येते, मग माणशी खर्च बराच उतरतो. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत किंवा मनालीत बेसिक कोर्स केलेली मंडळी मराठी गटांत बऱ्याचदा असतात. त्यांना दोर बांधणे, आइस अ‍ॅक्सने घसरण रोखणे, भेगेतून काढणे शिकवलेले असते आणि ते शिक्षण इथे तंतोतंत लागू पडते. मात्र कोर्सला पाच-सात वर्षे झाली असतील तर गाठी हाताला आठवत नाहीत. म्युनिकमधल्या अल्पाइन क्लबच्या शाखा उन्हाळ्याच्या तोंडावर हिमनदीचे वर्ग घेतात, तिथे उजळणी करून घ्यावी.

म्युनिकच्या वाचकांना मात्र आम्ही वेगळेच शिखर सुचवू: त्सुगश्पिट्से, २९६२ मीटर, जर्मनीतले सर्वोच्च. आगगाडीने गार्मिश-पार्टेनकिर्शेन दीड तासाच्या आत. मुक्काम २१०० मीटरच्या खाली होतो, म्हणजे विरळ हवेचा प्रश्न जवळजवळ मिटतो. आणि माथ्यावरून केबल कार किंवा दातेरी रुळांच्या गाडीने खाली येता येत असल्याने गुडघे वाचतात.

वाटा मात्र नीट निवडाव्यात. राइनटालची वाट लांब पण तांत्रिकदृष्ट्या सोपी: सुमारे २१ किलोमीटर आणि २२०० मीटर चढ. वेळ काढण्याची जर्मन पद्धत अशी: तासाला ३०० मीटर चढ, तासाला ४ किलोमीटर अंतर. दोन्ही वेळा वेगवेगळ्या काढायच्या, मोठी पूर्ण घ्यायची आणि तिच्यात लहानीची निम्मी मिळवायची. चढाचे सव्वासात तास, अंतराचे सव्वापाच. म्हणजे सव्वासात अधिक अडीचहून थोडे जास्त, जवळपास दहा तास, विश्रांती सोडून. ‘राजगड-तोरणा एका दिवसात केलाय’ म्हणणारेही हे एका दिवसात करायला जातात आणि दुपारी चारला वरच्या चुनखडीच्या पठारावर, धुक्यात, घसाऱ्यात पाय ओढत असतात. दोन दिवस करावेत. शनिवारी पार्टनाख घळीतून, नदीकाठाने, राइनटालआंगर हटपर्यंत (१३६९ मीटर) साडेचार-पाच तास. जोर असेल आणि आभाळ चांगले असेल तर पुढे क्नोर हटपर्यंत (२०५२ मीटर) अजून दोन. खालच्या हटमध्ये राहिलात तर रविवारी सोळाशे मीटर चढ उरतो, वरच्या हटमधून नऊशे. दुपारच्या वादळाआधी माथा गाठायचा तर वरचा मुक्काम सोयीचा. शेवटच्या टप्प्यात कातळावर पोलादी दोर लावलेले आहेत. गडगडाट ऐकू आला तर त्या दोरांपाशी असता कामा नये.

हॉलेनटालची वाट छायाचित्रांत सर्वांत देखणी आहे आणि फसवतेही तीच. हामर्सबाखपासून (७५८ मीटर) सुरू होऊन ती घळ, कातळातल्या शिड्या, मग हॉलेनटालफेर्नर ही छोटी हिमनदी आणि वर लांबलचक लोखंडी दोरांचा कातळ अशी जाते. क्रॅम्पॉन लागतात, हेल्मेट लागते आणि लोखंडी दोरात स्वतःला अडकवायचा, धक्का शोषणारा फेराटा सेटही. साध्या स्लिंगने (कापडी पट्टीच्या फासाने) स्वतःला दोरात अडकवणे पुरेसे नसते, पडल्यावरचा झटका स्लिंग शोषत नाही. सध्याच्या युरोपीय मानकाचा सेट ४० ते १२० किलो वजनासाठी असतो, हे वजन सॅक आणि कपड्यांसकट. खरी अडचण हिमनदी संपून कातळ सुरू होतो त्या सांध्यावर येते. उन्हाळा सरतो तसे बर्फ कातळापासून दूर सरकते, मध्ये खोल फट पडते आणि पहिला लोखंडी दांडा डोक्यावर लांब राहतो. जुलैमध्ये एका ढांगेत होणारी जागा सप्टेंबरमध्ये गटाला तासभर अडकवते. निघण्याआधी हटमध्ये फोन करून विचारावे, तिथली माणसे त्या आठवड्याची स्थिती सांगतात.

जूनमधला धोका वेगळा. सावलीच्या नाळांत जुना बर्फ कडक होऊन उरलेला असतो. दहा पावलांचाच पट्टा असतो, पण पाय सुटला तर खाली थांबायला काही नसते. साध्या पायवाटेवर माणसे मरतात ती पुष्कळदा इथे. मोसम म्हणाल तर जुलैच्या सुरुवातीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत.

हटबद्दल थोडेसे. शनिवारच्या जागा कित्येक आठवडे आधी भरतात आणि आयत्या वेळी रद्द केल्यास पैसे जातात. झोपण्याचे कापडी अस्तर आपले न्यावे. रोख पैसे ठेवावेत. शाकाहारी आहात हे बुकिंग करतानाच कळवावे, पोचल्यावर सांगून वेगळा स्वयंपाक होत नाही. जैन जेवणाची अपेक्षा धरू नये, ठेपले, चिवडा, लाडू सोबत असावेत. उंचावरच्या हटमध्ये नळाचे पाणी पिण्याजोगे नसते, बाटली विकत घ्यावी लागते. रात्री दहाला दिवे जातात. कचरा आपला आपण खाली आणायचा.

जुन्या माहितीवर विसंबू नका. २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत मिळून स्विस हिमनद्यांनी सुमारे दहा टक्के बर्फ गमावला. ३ जुलै २०२२ रोजी इटलीतल्या मार्मोलाडावर हिमनदीचा तुकडा तुटून ११ जण गेले. २८ मे २०२५ रोजी स्वित्झर्लंडमधली बिर्श हिमनदी कोसळून ब्लाटेन गावाचा बहुतेक भाग गाडला गेला. गाव आधी रिकामे केले होते म्हणून मोठी जीवितहानी टळली, तरी एकजण गेलाच. अशा पर्वतात दहा वर्षांपूर्वीच्या पुस्तकातली वाट किंवा कोणाच्या तरी फोनमधून आलेला ट्रॅक आंधळेपणाने धरता येत नाही.

विम्याचा कागद घरीच वाचावा. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण लागते, पण भारतातून घेतलेल्या अनेक पॉलिसींत गिर्यारोहण वगळलेले असते आणि हेलिकॉप्टरचे बिल काही हजारांत येते. जर्मन अल्पाइन क्लबच्या सदस्यत्वात शोध आणि बचावाचा विमा अंतर्भूत आहे आणि हटमध्ये सवलतही मिळते. आल्प्समध्ये वर्षातून दोनदा जरी जायचे असेल तरी ते घ्यावे.

मदतीचा क्रमांक युरोपभर ११२. स्वित्झर्लंडमध्ये हवाई बचावासाठी १४१४, पण झेरमाट आणि सास-फे ज्या वालिस प्रांतात येतात तिथे १४४. ऑस्ट्रियात पर्वतीय बचावासाठी १४०. फोन लागला नाही तर शिट्टी किंवा टॉर्चने मिनिटात सहा वेळा इशारा, मग एक मिनिट थांबून पुन्हा. मिनिटात तीन इशारे आले म्हणजे तुमचा निरोप पोचला. हेलिकॉप्टर दिसल्यावर दोन्ही हात वर करून इंग्रजी वाय अक्षरासारखे उभे राहावे. एक हात वर, एक खाली याचा अर्थ ‘मदत नको’. आनंदाने एक हात हलवणाऱ्यांमुळे वैमानिकाचा घोटाळा होतो.

संपादक महोदय, आपल्या पुरवणीत आल्प्समधल्या कोणत्याही शिखरावर लेख आला तर त्याच्याशेजारी एक लहान चौकट द्यावी: माथ्याची उंची, आदल्या रात्री झोपण्याची उंची, वाटेत हिमनदी आहे की नाही, आणि वाटेची श्रेणी. स्वित्झर्लंडमधल्या वाटांसाठी फलकांचे रंगही द्यावेत. पिवळा म्हणजे साधी पायवाट, पांढरा-लाल-पांढरा म्हणजे डोंगरवाट, पांढरा-निळा-पांढरा म्हणजे जिथे दोर किंवा बर्फाचे साहित्य लागू शकते अशी वाट. चार ओळींची जागा लागेल. मजकूर तपासून देण्याची आमची तयारी आहे.

आपले,
आल्प्समध्ये नियमित चढाई करणारे काही मराठी वाचक
म्युनिक आणि झुरिक